नाक्यावर पळायचं नसतं

परंड्याच्या उरुसात आमचा तंबू लागला तेव्हा
लढाई संपून महिनाच झाला होता,
गाड्यांच्या दिव्यांवरचा काळा कागद
अजून कुणी पुरता खरवडला नव्हता.
पोस्टरवर बाई. तिरकी टोपी, एका हातात पिस्तूल,
दुसरा हात शत्रूच्या कॅप्टनच्या गळ्यात.
मी मशीनवर. कार्बनच्या कांड्या जवळ आणायच्या, लांब करायच्या,
उजेड टिकवायचा,
एवढंच माझं शिक्षण.

सातव्या रिळाला ती चौकीकडून पळत सुटली,
मागून गोळ्या,
आणि फिल्म तुटली.
पांढरा पडदा, शिट्ट्या, शिव्या.
बायकांच्या कनातीतून एक आवाज आला,
मेथीची जुडी परत ठेवावी तसा:
"नाक्यावर पळायचं नसतंय, बाई.
नाक्यावर भाव करायचा असतोय."

तंबू हसला.
ती हसली नाही. उठली,
आणि थेट माझ्याकडं आली, पैसे परत मागायला.
अर्धाच बघितला, अर्धे दे.

प्रयागबाई कासारीण. रिकाम्या डब्यावर बसली.
मी रीळ उलटं गुंडाळत होतो.

निजामाच्या वक्ताला करोडगिरीचा नाका होता,
बाभळीखाली एक मेज, एक रजिस्टर.
ती बार्शीला निघायची
न खपलेल्या काकणांच्या माळा घेऊन,
आणि एका माळेच्या सुतळीत
पीळ देऊन बसवलेली चिठ्ठी:
कुठल्या गढीत किती माणसं, किती बंदुका.
वहीदोद्दीन कारकून माळा मोजायचा.
ती भांडायची एका आण्यासाठी, लाज सोडून.
तो भांडायचा एका आण्यासाठी, हसू दाबून.
एकदा त्यानं नेमकी तीच माळ उचलली.
सोडली. वाचली. पुन्हा पीळ दिला,
पुन्हा गाठ मारली.
"जाव. एक आना कम."

बार्शीच्या कॅम्पातल्या पोरांनी गाठ ओळखली.
ही तुझी नव्हं, कुणी सोडली?
"मीच. काकण फुटलं होतं."

त्यावर अकरा खेपा झाल्या.
अकरा वेळा ती गाठ,
साधीच, पण शेवटी एक फेरा जास्त.
"तेवढंच बोलणं व्हायचं," ती म्हणाली.
"एक फेरा जास्त."

सप्टेंबरात लष्कर आलं, नाका एका रात्रीत उठला.
मग यादी करणारे आले.
नाक्यावर कोण कोण होतं?
तिनं तीन नावं दिली.
"चौथा?"
"त्याला दिसत नव्हतं."
"आंधळा? करोडगिरीत?"
"कामून? ठेवत्यात की."

कुणी म्हणे हैदराबादला गेला,
कुणी कराची म्हणे, कुणी नुसतं विहिरीकडं बघे.
तिनं विचारलं नाही.
"इचारलं असतं तर कळलं असतं ना लोकाला,
का इचारतीय."

आता पेन्शनचा कागद निघालाय.
तलाठी म्हणतो, भर.
त्यात रकाना आहे:
हे काम करताना आपणांस कोणी पाहिले?
"बघणारा एकच होता," प्रयागबाई म्हणाली,
"आन् त्याला मीच आंधळा करून बसले."

मी चार चौकटी कापून फिल्म जोडली.
तिला तिचे पैसे दिले,
तिनं भांडून दहा पैसे जादा घेतले,
आणि जाता जाता, माझे हात काळे म्हणून,
रिळाच्या पेटीची दोरी बांधून दिली.

भूमच्या बाजारात मालकाला ती सुटेना.
ही गाठ कुणाची रे?
माझीच, म्हणालो.
रात्री सातव्या रिळाला नटी पुन्हा पळाली,
चार चौकटी कमी असल्यानं
जरा अडखळून,
कुणाशी तरी बोलायचं राहिल्यासारखी.